ऊसतोडीला गेलेल्या लेकरांचा खाऊ नेमका अडतो कुठं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दसरा झाला की तुमच्या पेपरात ऊसतोड मजुरांनी भरलेल्या ट्रॅक्टरचे फोटो येतात, मग जानेवारीत साखरशाळेची (कारखान्यावरच्या मजुरांच्या पोरांची शाळा) एखादी बातमी, आणि करार संपायला आला की दरवाढीची. हे सगळं छापलंच पाहिजे, त्याबद्दल तक्रार नाही. पण या सगळ्यात सहा वर्षाखालचं लेकरू कुठंच नसतं म्हणून हे पत्र लिहितोय, थोडं लांबलंय, कापायचं असेल तर कापा पण कारखान्याचा मुद्दा तेवढा ठेवा.

माझं धारूर तालुक्यातल्या एका गावात किराणा दुकान आहे. आमच्याकडं निम्म्याच्या वर घरं कोयत्यावर जातात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घ्यायची, लाखभर, कधी त्याच्या वर, आणि दिवाळीच्या आगंमागं निघायचं ते मार्च-एप्रिलात पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, परत यायचं नाही. कोणी सांगली-कोल्हापूरकडं, कोणी पुणे-सातारा, कोणी बॉर्डरच्या पलीकडं कर्नाटकात. लेकरांचे दोन भाग होतात, काही आज्जीकडं राहतात आणि बाकीचे आई-बापाबरोबर जातात. अंगावर पिणारं असलं तर त्याला न्यावंच लागतं, तिथं चॉईस नसतो.

आधी राहिलेल्यांचं सांगतो कारण ते मला दुकानात बसल्या बसल्या दिसतं. एका म्हातारीकडं दोन लेकांची आणि कधी लेकीची पण मिळून चार-पाच पोरं असतात, तिला स्वतःला मोतीबिंदू, गुडघे गेलेले, चुलीपुढं वाकता येत नाही. रेशनचं धान्य असतं घरात, उपाशी कोणी नाही, हे आधी स्पष्ट करतो कारण उपासमार म्हटलं की लगेच अधिकारी अंगावर येतात. सकाळी भाकरी टाकते, त्याच भाकरी रात्रीपर्यंत. कोरड्यास केलं तर केलं, नाहीतर चटणी. आता नवीन काय झालंय की आई-बाप तिकडून फोनपे करतात. माझ्याच नंबरवर दोनशे-तीनशे टाकतात आणि फोन करून सांगतात, पोरगं मागंल ते द्या, रडवू नका. त्यांच्या पोटातली माया आहे ती, सहा महिने तोंड बघायला मिळत नाही तर निदान खाऊ तरी. आणि पोरगं मागतं काय, तर पाच रुपयाचा बिस्किटचा पुडा, कुरकुरे, ते लाल रंगाचं पाणी पाऊचमधलं. चार वर्षाचं लेकरू सकाळी पुडा चहात बुडवून खातं, दुपारी कुरकुरे, मग संध्याकाळी भाकरी कशाला खाईल. आज्जीला पण सुटका वाटते, रडत नाही ना बास. मी विकतो, दुकान आहे, नाही म्हणलं तर पलीकडच्या दुकानात जाईल. शेंगदाणे-गुळाचे लाडू ठेवून बघितले, तेच पाच रुपयाला, पोरं बघत पण नाहीत तिकडं, पुड्यावर चित्र नाही ना.

पण या राहिलेल्या पोरांना निदान अंगणवाडी आहे, खिचडी-उसळ काहीतरी गरम पोटात जातं. जरा मोठी असली तर शाळेतला पोषण आहार आहे, हंगामी वसतिगृह चालू असलं तर दोन वेळचं जेवण तिथं होतं, अनुदान उशिरा येतं ती बोंब वेगळी. शाळेत नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्याला एक अंडं सुरू केलं होतं सरकारने, जानेवारी २०२५ मध्ये त्याचे पैसे बंद केले. एक अंडं, आठवड्याला. असो.

खरा घोळ बरोबर गेलेल्यांचा आहे.

माझी बहीण आणि दाजी दरसाल जातात. मागच्या सिझनला मी त्यांच्या तळावर जाऊन राहिलो होतो, गावाचं आणि कारखान्याचं नाव लिहीत नाही कारण पुढच्या वर्षी त्यांना तिथंच जायचंय. पहाटे तीन-साडेतीनला बहीण उठते. बाहेर थंडी म्हणजे विचारू नका, शेजारी कॅनॉल. कोपीच्या, म्हणजे झोपडीच्या, दारात तीन दगडांची चूल, मोबाईलच्या उजेडात ती दिवसभराच्या भाकरी बडवून घेते, त्या फडक्यात बांधायच्या, सोबत ठेचा नाहीतर सुकी बटाट्याची भाजी, की निघाले फडात, म्हणजे तोडणीच्या उसात. नवरा तोडतो, ती पाचट काढून मोळ्या बांधते आणि मग गाडी लागली की डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढायचं. गाडी लागायला टाईम नसतो, रात्री दहाला पण लागते. तिची धाकटी दीड वर्षाची. ती फडाच्या बांधावर, वर साडी बांधून सावली केलेली, आणि सांभाळायला कोण तर तिचीच आठ वर्षाची बहीण. ही आठ वर्षाची पोरगी भाकरी पाण्यात कुस्करते, मीठ टाकते आणि धाकटीला भरवते. अर्धी धाकटी खाते, अर्धी सांडते, कुत्रं येतं ते हाकलायचं. मी विचारलं दिवसातून किती वेळा भरवतेस तर म्हणाली रडली की. आणि नाही रडली तर? तर झोपू देते.

आता डॉक्टर काय सांगतात, अंगणवाडीच्या भिंतीवर पण रंगवलेलं असतं, सहा महिन्यानंतर लेकराला वरचं मऊ अन्न, थोडं थोडं, दिवसातून तीन-चार वेळा, त्यात डाळ, तेल-तूप, अंडं. पोट एवढंसं असतं त्याचं, एकदम मावत नाही. म्हणजे कोणीतरी मोकळं पाहिजे जवळ. तळावर डाळ पण होती हो, डब्यात डाळ होती, रेशन पण आता कुठंही उचलता येतं, अर्धं इथं अर्धं गावात असं पण करता येतं. दुपारी बारा वाजता ती डाळ शिजवून लेकराच्या तोंडात घालायला माणूस नव्हता एवढंच. आई बांधापासून शंभर फुटावर आहे आणि तिला यायला वेळ नाही कारण टनावर पैसे आहेत. जानेवारी २०२४ ला तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, टनाला साडेतीनशेच्या वर गेला, चांगलंच झालं, पण बाई अर्धा तास लेकरापाशी बसली तर तेवढ्या मोळ्या कमी आणि लेकरू आजारी पडलं म्हणून दवाखान्यात गेली तर खाडा. खाड्याचे पैसे उचलीत चढतात. त्यामुळं धान्य वाढवा, पाकिटं वाढवा, हे जे उपाय निघतात ना त्यांनी या वयाच्या पोराचं भागत नाही असं माझं मत झालंय. दिवसा भरवणारं माणूस पाहिजे आणि शिजवायला जागा पाहिजे.

आणि हे काम करणारी यंत्रणा आपल्या देशात आहे, तिचं नाव अंगणवाडी, १९७५ पासून आहे. बहिणीच्या तळापासून चालत दहा-पंधरा मिनिटावर अंगणवाडी होती, मी जाऊन आलो. ताई चांगल्या होत्या बोलायला, म्हणल्या दादा पाठवा की तीन वर्षावरच्या पोरांना, बसतील. पण खाऊ? खाऊ माझ्या पटावर जेवढी नावं तेवढाच येतो, हे आले तर आहे त्यात भागवावं लागतं. त्यांचं पण चूक नाही. एका लेकरामागं दिवसाला ८ रुपये, हा दर २०१७ साली ठरलेला, त्यात पटाबाहेरची वीस पोरं तळावरून आली तर ती बाई कुठून आणणार. आणि तीन वर्षाखालच्यांना तर अंगणवाडीत बसवतच नाहीत, त्यांना घरी न्यायचं पाकीट असतं. ते पाकीट आमच्या गावात येतं. लेकरू तिकडं.

आता तुम्ही म्हणाल यासाठी सरकारने सिस्टिम केली आहे. केली आहे. पोषण ट्रॅकर हे अंगणवाडीचं मोबाईल ॲप २०२१ पासून आहे, राज्याची स्थलांतराची ट्रॅकिंग सिस्टिम २०२२ ला आली, गावच्या सेविकेने निघताना नोंद करायची आणि जिथं गेले तिथल्या सेविकेने ती उचलायची असा प्लॅन. कागदावर एकदम बरोबर आहे, मी नावं ठेवत नाही. पण निघताना कुठं चाललो हे त्या कुटुंबालाच धड माहीत नसतं. मुकादम सांगतो अमुक कारखाना, कारखाना पाठवतो तमुक गटात, आणि पंधरा-वीस दिवसात तिथला ऊस संपला की तळ हलतो दुसऱ्या गावात. गावची सेविका कुठलं गाव टाकणार? ती टाकते "बाहेरगावी". वजनाच्या रजिस्टरमध्ये पण तेच, बाहेरगावी. म्हणजे सहा महिने त्या लेकराचं वजन कोणी केलं नाही, दंडाला पट्टी लावली नाही, ११.५ सेंटिमीटरच्या खाली, म्हणजे अति कुपोषणात, गेलं का कोणी बघितलं नाही. आणि मजा अशी की डिसेंबर-जानेवारीच्या रिपोर्टमध्ये आमचं गाव चांगलं दिसतं, कारण ज्यांची वजनं कमी भरली असती ती पोरं यादीतच नाहीत. त्यात २०२५ पासून पाकीट घ्यायला चेहरा दाखवायचं आलंय मोबाईलमध्ये. चेहरा आईचा नोंदवलेला, आई फडात, लेकरू आज्जीकडं. सेविका बिचाऱ्या काहीतरी मार्ग काढतात, शिव्या पण त्याच खातात.

आता जो मुद्दा ठेवा म्हणलं तो. महिला-बालकल्याणला माहीत नाही की टोळी कुठं आहे, पण कारखान्याला रोजच्या रोज माहीत असतं. कोणत्या गटात कोणती टोळी, किती कोयते, कुणाच्या शेतात, उद्या कुठं, गाडी किती वाजता वजनकाट्यावर आली, किती टन किती किलो, सगळं. कारखान्याच्या शेतकी खात्याच्या चिटबॉयला (तोडणीच्या चिठ्ठ्या देणाऱ्याला) विचारा, तो डोळे झाकून सांगेल. उसाच्या प्रत्येक गाडीचा हिशोब आहे आणि त्या गाडीमागं बांधावर बसलेल्या पोराचा नाही. कारखान्याला नुसतं सांगायचं आहे की ही लिस्ट दर आठवड्याला तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याला पाठवा, त्यात एक कॉलम वाढवा, सहा वर्षाखालची मुलं किती. मुकादमाला सगळं माहीत असतं, तो उचल देताना घरात माणसं किती, पोरं किती हे बघूनच देतो.

कारखाने म्हणतात मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत. कायद्याने त्यांचं बरोबर बसतं. नोव्हेंबर २०२५ पर्यंतच्या फॅक्टरी ॲक्टमध्ये ३० च्या वर बायका कामाला असल्या तर पाळणाघर लागायचं, पण आमच्या बायका फॅक्टरीच्या हजेरीवर नाहीत ना, त्या बाहेर फडात आहेत, त्यामुळं पाळणाघर पण नाही. ठीक आहे. पण दर वर्षी साखर आयुक्तांकडून गाळप परवाना घेतल्याशिवाय कुठला कारखाना बॉयलर पेटवू शकत नाही, एफआरपीचे, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या उसाच्या किमान दराचे, पैसे थकवले तर परवाना अडवतात, मग त्याच परवान्यात एक अट टाका की तळावरच्या पोरांची यादी द्यायची आणि मोठ्या तळांवर एक शेड, पाणी आणि दोन बायका द्यायच्या. दोन बायका त्याच टोळीतल्या चालतील, बाळंतीण असते, गरोदर असते, मोळी उचलू नये अशी असते, तिला दिवसाची मजुरी द्या आणि पोरं तिच्याकडं. केंद्राची पाळणा योजना पण आहे, अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर, ती सहा महिने कारखाना एरियात का चालवू नये हे मला कळत नाही.

पैसा कुठून, हा प्रश्न येणारच. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागं १० रुपये घ्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे असं ठरलेलं आहे. राज्यात चांगल्या वर्षी दहा कोटी टनाच्या आसपास ऊस गाळला जातो, म्हणजे नुसते कारखान्यांचेच शंभर कोटी होतात, सरकारचे वेगळे. त्यातून संत भगवानबाबा वसतिगृह योजना काढली, ४१ तालुक्यांत मुलांचं एक मुलींचं एक अशी ८२ वसतिगृहं. चांगली योजना आहे, माझ्या भाच्याला पुढं तिचा उपयोग होईल. पण ती पाचवीच्या पुढच्या पोरांना आहे. दीड वर्षाच्या पोरीला वसतिगृह देऊन काय करता. साखरशाळा पण शाळेच्या वयाला. म्हणजे आपण जे काही केलं ते शाळेत जाणाऱ्यांसाठी केलं कारण शाळा बुडते ती दिसते, हजेरी असते, गुरुजी बोंबलतात. पोरगं खुरटतं ते दिसत नाही, सगळेच बारीक असले की बारीक वाटत नाही.

शेतकरी वाचक लगेच लिहितील की हा खर्च पण शेवटी आमच्याच बिलातून तोडणी-वाहतूक म्हणून कापणार. भीती रास्त आहे, म्हणूनच म्हणतोय नवीन पैसा नको, जो जमा करायचा ठरलाय त्यातला ठराविक हिस्सा सहा वर्षाखालच्यांसाठी वेगळा काढा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी असते ना, २०१९ ते २१ च्या पाहणीत महाराष्ट्रात पाच वर्षाखालची ३५.२ टक्के पोरं वयाच्या मानाने बुटकी आणि ३६.१ टक्के कमी वजनाची. त्याआधीच्या पाहणीत हेच आकडे ३४.४ आणि ३६.० होते. म्हणजे मधल्या काळात ॲप आले, पोषण महिने साजरे झाले, रॅल्या निघाल्या, आणि आकडा जागचा हलला नाही, उलट दशांशाने वर. हे सगळं ऊसतोडीमुळं आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पण डॉक्टर ते पहिल्या हजार दिवसांचं सांगतात, गरोदर राहिल्यापासून लेकरू दोन वर्षाचं होईपर्यंत, त्या टायमाला जे खुरटलं ते पुढं खाऊन भरून निघणं अवघड. हजार दिवस म्हणजे पावणेतीन वर्षं. त्यात ऊसतोडीचे दोन सिझन तर सापडतातच, तारीख वाईट असली तर तीन. आणि त्यातला एक सिझन पोरगं पोटात असताना, तेव्हा बाई मोळी उचलत असते. मग गावात राहिलेल्या सहा महिन्यात कितीही गरम खिचडी द्या.

आमच्या बीडच्या अंगणवाड्यांना अंडी-केळी नाहीत, ती अमृत आहार योजनेत आदिवासी भागासाठी आहेत, त्यांना मिळालीच पाहिजेत, आमचं काही म्हणणं नाही. पण बॉर्डरच्या पलीकडं कर्नाटकात अंगणवाडीत दूध पण देतात आणि अंडं पण. आमच्या गावची काही कुटुंबं तिकडं जातात. तिथल्या ताईने पोरं बसवून घेतली तर त्यांना सहा महिने आपल्या गावापेक्षा चांगलं खायला मिळतं, पोरगं येताना कन्नड पण शिकून येतं चार शब्द. पण तिथंही तेच, ताईच्या मनावर, पटावर नाव नाही. पोषण ट्रॅकर तर अख्ख्या देशाचं एकच आहे, मग नाव इकडून तिकडं सरकवायला राज्याची बॉर्डर आडवी का येते.

राहिलेल्या पोरांसाठी मला मोठी योजना नको. आज्जीला पण कोणीतरी धरा की हिशोबात. अंगणवाडी दुपारी सुटते, ती हंगामात चार-पाच वाजेपर्यंत चालवा, संध्याकाळी एक वेळचं जादा द्या, मदतनीस बाईला त्याचे वेगळे पैसे द्या, फुकट राबवू नका. ग्रामपंचायतीला महिला-बालकल्याणचा १० टक्के निधी असतो, त्यातून होण्यासारखं आहे, आमच्या ग्रामसभेत मी बोललो तर म्हणले ठराव घेऊ. अजून घेतला नाही. पुढच्या ग्रामसभेत परत बोलणार आहे.

तुमच्या पेपरला एक विनंती. यंदा हंगाम सुरू करताना मोळी टाकण्याच्या कार्यक्रमाचा फोटो छापाल तेव्हा त्या कारखान्याच्या चेअरमन साहेबांना एवढंच विचारा की तुमच्या गटांमध्ये सहा वर्षाखालची पोरं किती आली आहेत. आणि मग त्याच तालुक्याच्या बालविकास प्रकल्प कार्यालयात जाऊन तोच प्रश्न विचारा, दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापा. ऊसपट्ट्यातल्या तुमच्या वार्ताहरांना हे एका दिवसाचं काम आहे.

कळावे,
आपला एक वाचक
(किराणा दुकानदार, ता. धारूर, जि. बीड)

ता.क. नाव छापू नये, बहिणीचा मुकादम पण तुमचाच पेपर वाचतो.